अर्धवट सोडलेलं पुस्तक

चंद्रपूर जिल्ह्यात, ब्रह्मपुरी तालुक्यातल्या आमच्या गावात बाबांनी शाळेच्या पुस्तकांचं दुकान काढलं. आजही ते चालतं शाळेच्या पुस्तकांवर, वह्यांवर आणि पोलीस भरतीच्या गाइडांवर. जूनमध्ये पाणी प्यायला फुरसत नसते, आणि रोवणी, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाली की दिवसाला तीन गिऱ्हाइकं आली तरी पुष्कळ. कथा-कादंबऱ्यांची फळी मी 2023 मध्ये सुरू केली. फळी एकच, गल्ल्याच्या उजव्या हाताला, भरतीच्या गाइडांना लागून. जागा मुद्दाम तीच निवडली, कारण गाइड घ्यायला पोरं येतातच आणि हात लांब केला की कादंबरीला लागतो.

त्या वर्षी फेब्रुवारीत वर्ध्याला 96वं साहित्य संमेलन होतं आणि त्याच दिवसांत तिथंच विद्रोही साहित्य संमेलनही भरलं होतं. मी दोन्हीकडे फिरले. एवढी नवी मराठी पुस्तकं एका जागी मी तोवर पाहिली नव्हती. बाबांनी दुकानासाठी शेवटची कादंबरी आणली ती माझ्या लग्नाच्या आधी. मी नऊ हजारांची पुस्तकं घेतली, दोन पोत्यांत भरली आणि नागपूरवरून एसटीने घरी आणली. लग्नातल्या पितळी भांड्यांसारखी पुसून फळीवर लावली.

दोन महिने एकही विकलं नाही. लोक उचलायचे, मागची किंमत बघायचे, ठेवून द्यायचे. दोन-अडीचशे रुपये म्हणजे आमच्याकडे बाईची रोवणीची एका दिवसाची रोजी, त्यामुळे किंमत बघणाऱ्याला मी कधी नावं ठेवली नाहीत. मी आपली सांगायची, "हे खूप गाजलंय, याला पुरस्कार मिळालाय." एका मावशींनी हातातलं पुस्तक अलगद खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "पुरस्कार भेटला म्हंजे कठीन असन जी." ते ऐकून मी गप्प झाले. पुरस्कारानं त्यांना काय कळणार होतं? पुस्तकात कोण आहे, कुठलं गाव आहे, काय घडतं, यातलं मी काहीच सांगितलेलं नव्हतं. सांगणार तरी कशी, त्यातली निम्मी मीच वाचली नव्हती.

त्याची किंमत लवकरच मोजावी लागली. एक अंगणवाडी सेविका रजिस्टरं न्यायला येत. वाचणारी बाई. "गावातलं काही तरी द्या, नवीन," म्हणाल्या. मी एक नावाजलेली कादंबरी दिली. शेतकऱ्याच्या घरातली गोष्ट होती, भाषा सुरेख होती, मी साठेक पानं वाचली होती आणि पुढंही अशीच असेल असं धरून चालले होते. चौथ्या दिवशी त्यांनी पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून गल्ल्यावर ठेवलं. मी पैसे परत करायला लागले तर "राहू द्या" म्हणून निघून गेल्या. त्या रात्री मी उरलेलं वाचून काढलं. उत्तरार्धात त्या घरातला कर्ता माणूस फवारणीचं औषध पितो. महिनाभराने त्यांच्या गावच्या एका मुलाकडून कळलं की दोन वर्षांपूर्वी त्यांच्या भावानेही तसंच केलं होतं.

कादंबरी खरी आहे, चांगली आहे, आजही फळीवर आहे. चूक माझी होती. पुढच्या निम्म्या पानांत काय आहे हे ठाऊक नसताना मी ती एका माणसाच्या हातात ठेवली. अंगणवाडीताई सात महिने माझ्या दुकानाची पायरी चढल्या नाहीत.

तेव्हापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून झाल्याशिवाय कुठलंही पुस्तक मी फळीवर लावत नाही. न वाचलेली खाली खोक्यात असतात. दुपारी दोन ते चार रस्त्यावर कुत्रंही नसतं, तेव्हा वाचते आणि रात्री जेवणं झाल्यावर वाचते. महिन्याला तीन-चार होतात. म्हणजे वर्षाला चाळीस, फार तर पंचेचाळीस. शहरातल्या दुकानात तेवढी एका आठवड्यात येत असतील. मला चाळीस पुरतात, कारण त्या चाळिसांतल्या प्रत्येकाबद्दल मी उभ्या-उभ्या बोलू शकते.

लोकांना विचारायचं काय, हे मात्र कळत नव्हतं. "तुम्हाला काय आवडतं?" म्हटलं की माणूस शाळेत उभं केल्यासारखा होतो आणि पाठ्यपुस्तकातली नावं सांगतो. मग एक दिवस जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले गुरुजी आले. त्यांनीही आधी तीच नावं सांगितली. जाता जाता दारात थांबून आपणहून म्हणाले, "एक पुस्तक मी मधातच सोडून देलो होतो. बऱ्याच वर्षांची गोष्ट आहे." का सोडलं विचारलं. "त्यातला मानूस सारखा फ्लॅटात बसून रायते. त्याचं दुखनं समजे मले, पन त्याचं घर काही दिसे नाई."

या एका वाक्यात त्यांनी मला सगळं सांगून टाकलं होतं. त्यांना जागा दिसायला हवी होती. विहीर, पडवी, रस्त्याचं वळण. दुःख कितीही खोल असलं तरी ते कुठं बसलंय हे दिसल्याशिवाय गुरुजींचं मन लागणार नव्हतं. मी त्यांना तशी कादंबरी दिली आणि आठ दिवसांत ते दुसरी न्यायला आले.

त्या दिवसापासून माझा प्रश्न ठरला: तुम्ही अर्धवट सोडलेलं शेवटचं पुस्तक कोणतं, आणि कुठवर आल्यावर सोडलं? आवडलेलं पुस्तक सांगताना माणूस जरा ताठ बसतो. सोडलेलं सांगताना मोकळा होतो, कधी हसतो, कधी रागावतो, पण खरं बोलतो. फार नावं होती, कोण कोणाचा भाऊ ते ध्यानात राहीना. बोली कळली नाही. पोरीच्या बाळंतपणात राहिलं ते राहिलंच. रडू आलं म्हणून मिटलं. आणि सगळ्यांत जास्त वेळा आलेलं उत्तर: अक्षर बारीक होतं. पंचेचाळिशी उलटलेल्या कितीतरी जणांनी पुस्तकं सोडली होती ती डोळ्यांपायी, आणि त्यांचा समज असा झाला होता की आपलं वाचायचं डोकं गेलं. आता गल्ल्यावर वाचायचे दोन चष्मे ठेवले आहेत, दीड नंबरचा आणि दोन नंबरचा. ते लावून दोन पानं वाचली की काही जण पुस्तक बाजूला ठेवून आधी चष्मा बनवायला ब्रह्मपुरीला जातात. ते मला पुस्तक विकल्याइतकंच मोलाचं वाटतं.

उत्तरं मी एका लांब रजिस्टरात लिहिते. नाव, गाव, सोडलेलं पुस्तक, मी काय दिलं, वाचून काय म्हणाले. या रकान्यांमुळे मला दोन सवयी सोडाव्या लागल्या. "हे सोपं आहे, तुम्हाला जमेल" असं मी आता कोणाला म्हणत नाही. तो अपमान असतो आणि माणूस तो बरोबर ओळखतो. आणि जड पुस्तक हलकं म्हणून देत नाही. "पहिली तीस पानं दमवतील, त्यानंतर वाट सापडते," असं सरळ सांगितलं तर लोक तीस पानं दम धरतात.

आता त्या टेलरकाकांचं सांगते.

2024 च्या जूनमध्ये साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार देविदास सौदागर यांच्या 'उसवण' या कादंबरीला जाहीर झाला. लेखक तुळजापूरचे, स्वतः शिवणकाम केलेले. कादंबरीतला माणूसही शिंपी, आणि रेडिमेड कपड्यांनी त्याच्या धंद्याची कशी वाताहत होते त्याची ती गोष्ट. मी पाच प्रती मागवल्या. एरवी मी कोणत्याही पुस्तकाच्या दोनच मागवते. माझ्या दुकानासमोर रस्त्यापलीकडे टेलरकाकांचं दुकान आहे. माझ्या शाळेचा ड्रेस त्यांनी शिवलेला. आता त्यांच्याकडे जूनमधले गणवेश सोडले तर उरलंय ते चेन बसवणं, पॅन्ट कमी करणं आणि साडीला फॉल लावणं.

छोटी कादंबरी, मी दोन रात्रीत वाचली. आणि मग महिनाभर त्यांना दिली नाही. जूनमध्ये ते रात्री अकरापर्यंत मशीनवर असतात, हे एक कारण. खरं कारण वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते पुस्तक होतं. ज्याचं दुखणं आहे त्यालाच त्याची गोष्ट नेऊन द्यावी का, याचं उत्तर मला सापडत नव्हतं. शेवटी जुलैत, पाऊस लागून राहिलेला असताना, पुस्तक पदराखाली धरून मी रस्ता ओलांडला. बसले आणि सगळं आधीच सांगून टाकलं. काय घडतं, किती वाईट घडतं, गोडगोड काही नाही. त्यांनी एकच विचारलं, "लिवनारा सोता मशीनवर बसलेला हाये का?"

"हो, काका."

"मंग द्या."

रोज दुपारी बेतायच्या टेबलावर ते दहा-दहा पानं वाचताना मला माझ्या खुर्चीवरून दिसायचे. पानात खूण म्हणून कापडावर आखायचा खडू. नवव्या दिवशी गळ्यात टेप तसाच ठेवून ते आले. "ताई, मले वाटे का माह्याच हात मंदावला. मनून गिऱ्हाईक जाऊन रायलं. पन तिकडं तुळजापुरातबी हेच होऊन रायलं." इतकं बोलून ते बराच वेळ बाकावर बसून राहिले. मीही काही बोलले नाही. चहा मागवला.

आणखी एक प्रत त्यांनी आरमोरीच्या साळ्याला पाठवली. पुढचं पुस्तक मागायला आले तेव्हा मी मोठ्या हौसेने कारागिरांवरचंच आणखी एक काढलं, तर त्यांनी हाताने बाजूला सारलं. "आता मशीनवाल्याचं नोको. दुसऱ्याचं घर दाखवा." हे मी पुढं फार उपयोगी पडलेलं शिक्षण मानते. तोवर माझा सगळा भर माणसाला त्याच्यासारख्याचं पुस्तक शोधून देण्यावर होता. धान पिकवणाऱ्याला शेतीचं, मास्तरला शाळेचं. स्वतःचं एकदा वाचून झालं की माणसाला शेजारच्या मुलखात डोकवायचं असतं, हे मला टेलरकाकांनी शिकवलं. मी त्यांना कोकणातली कादंबरी दिली. समुद्र त्यांनी अजून पाहिलेला नाही.

दुसरी आठवण पवनीकडच्या एका आजोबांची. त्यांची मुलगी आमच्या गावात दिलेली, त्यामुळे वर्षातून दोनदा येतात. त्यांना माझा प्रश्न विचारला तर म्हणाले, "पुस्तक नाई सोडलो जी. वाचनालय सोडलो." त्यांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. 1988 मध्ये राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली तेव्हा ते तरुण होते, प्रत्यक्ष गाव उठलं तेव्हा केस पांढरे झाले होते. वाचनालयाचं कपाट ट्रॅक्टरवर घालून नव्या गावठाणात आणलं, पण ते उघडून बसायला जागाच झाली नाही. किल्ली कोणाकडे आहे हेही आता कोणाला माहीत नाही.

कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'ला 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता आणि माझ्याकडे त्याची एक प्रत होती. धरणामुळे उठलेली माणसं, मागं राहून रानटी झालेली म्हैस, आणि तिच्यासाठी परत त्या उजाड गावात जाणारा माणूस. आजोबांना दोन गोष्टी आधी सांगितल्या: ही बोली पन्हाळ्याकडची आहे, डोळ्यांनी वाचाल तर अडखळाल, म्हणून सुरुवातीची पानं मोठ्याने वाचा. आणि गाव सुटण्याचं वर्णन पुन्हा सगळं वर काढेल. ते म्हणाले, "वर तं रोजच येते."

महिन्याने त्यांचा फोन आला. रोज संध्याकाळी आजीला वाचून दाखवत होते. "बोली आपली नाई. पन म्हस आपलीच हाये." मग त्यांनी मला त्यांच्या मांजरीची गोष्ट सांगितली. सामान भरलं, माणसं चढली, मांजर काही गाडीत बसली नाही. तीन दिवस ते रोज सायकलने जुन्या घरी जात, भिंतीवर बसलेली दिसायची, हाक मारली की उतरायची नाही. चौथ्या दिवशी दिसली नाही. ही गोष्ट आजी इतक्या वर्षांत कधी बोलली नव्हती, पुस्तक ऐकता ऐकता बोलली. पुस्तकाबद्दल त्यांची तक्रारही होती, ती मी रजिस्टरात जशीच्या तशी लिहिली आहे: "मोबदल्याच्या कागदाचं अखीन लिवाले पायजे होतं. आमची अर्धी जिंदगी त्या कागदातच गेली."

बाकीच्यांचं थोडक्यात. सुधीर रसाळांच्या 'विंदांचे गद्यरूप'ला 2024 चा पुरस्कार मिळाला तेव्हा कॉलेजच्या सरांनी आपणहून मागवलं, तिथं माझं काही काम नव्हतं. संगीता बर्वे यांची 'पियूची वही' मी सहावी-सातवीच्या पोरींना देते आणि सोबत एक कोरी वही फुकट देते. तिघींनी स्वतःची रोजनिशी लिहायला घेतली. मी ती वाचायला मागत नाही.

अरण्यलेखक मारुती चितमपल्लींना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली आणि जूनमध्ये ते गेले. त्या पावसाळ्यात त्यांचं आत्मचरित्र 'चकवाचांदण' विचारत इतके जण आले की मला दोनदा मागवावं लागलं. नवेगावबांधचं जंगल त्यांनी लिहिलं म्हणजे आमच्या झाडीपट्टीचंच लिहिलं, ही भावना इथं खोल आहे. पण जंगलाचं पुस्तक देताना मी गाव विचारून घेते. आमच्या ब्रह्मपुरीच्या वनविभागात वाघ व्याघ्रप्रकल्पाच्या बाहेर, लोकांच्या धानाच्या बांध्यांमध्ये वावरतो. मोहफुलं वेचायला गेलेली माणसं परत येत नाहीत. अशा घरातल्या मुलाला वाघाच्या देखणेपणाची पानं मी देत नाही. वनरक्षक भरतीची तयारी करणारी एक मुलगी मात्र जंगलाचं पुस्तक हट्टाने घेऊन गेली. तिच्या गावात तसं घडलेलं होतं. "मले दोन्ही बाजू वाचाच्या हायेत," म्हणाली. मी तिला थांबवलं नाही.

पैशाचंही सांगायला हवं. मला पुस्तकावर तीस-पस्तीस टक्के सूट मिळते, रोख आणि परत न करण्याच्या बोलीवर. अडीचशेच्या कादंबरीत माझे पंच्याहत्तर-ऐंशी सुटतात आणि त्यासाठी मी ती दोन रात्री वाचलेली असते, वर अर्धा तास बोललेली असते. गाइड एका वाक्यात विकलं जातं. म्हणून उत्साहात पाच-दहा प्रती मागवण्याचा मोह मी आवरते. एक-एक प्रत लांबून मागवणं 1 मे 2025 ला टपालाची ज्ञान पोस्ट सुरू झाल्यापासून सोयीचं झालंय. 300 ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोला शंभर. छोटी कादंबरी त्या विसात बसते. त्यामुळे एखाद्या वाचकासाठी नेमकं एकच पुस्तक मागवणं आता जमतं, आणि माझ्या मते सुचवण्याचं काम खऱ्या अर्थाने तिथूनच सुरू होतं.

अंगणवाडीताई सात महिन्यांनी आल्या. मीच विषय काढला, माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुमी शेवट सांगून देत जा मले." तेव्हापासून त्यांना शेवट आधी सांगते. बाहेरचे लोक म्हणतील, मग वाचण्यात राम काय उरला. त्या मात्र शेवट ठाऊक असलेली पुस्तकं निवांत वाचतात आणि वाटेतलं इतकं बारीक टिपतात की मलाच परत वाचावंसं वाटतं.

गेल्या दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत मी पहिल्यांदा शेजारच्या गावात टेबल लावलं. आमच्या झाडीपट्टीत मंडई म्हणजे गावाला पाहुणे, दिवसा बाजार आणि रात्रभर वडशाच्या नाटक कंपनीचं नाटक. मांडवाच्या बाहेर चिवड्याच्या आणि खेळण्यांच्या दुकानांच्या रांगेत मी बॅटरीचा दिवा लावून वीस पुस्तकं मांडली. मध्यंतरात, रात्री दीडच्या सुमारास, शाल पांघरलेली एक बाई येऊन उभी राहिली. पुस्तकांवरून हात फिरवला, उचललं नाही. मी सवयीने विचारलं, अर्धवट सोडलेलं पुस्तक कोणतं?

"मी तं हातीच नाई धरलो जी. चवथीत शाळा सुटली, तवापासून."

माझ्याकडे पुढचा प्रश्नच नव्हता. मग काय करता विचारलं. रोवणी, कापणी, उन्हाळ्यात तेंदूपत्ता. आणि उरलेल्या दिवसांत मशीनवर गावातल्या बायांचे ब्लाउज. मी 'उसवण' काढलं, दिव्याखाली धरलं आणि पहिलं पान मोठ्याने वाचलं. मांडवात पेटी सुरू झाली, लोक आत जायला लागले. ती हलली नाही. पान संपल्यावर म्हणाली, "मी सावकाश वाचतो. बोट ठिवून." मी म्हटलं, सावकाशच वाचायचं आहे. तिच्याकडे शंभर रुपये होते. बाकीचे धान विकल्यावर. रजिस्टरात नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि सोडलेल्या पुस्तकाच्या रकान्यात लिहिलं: चौथी.

जानेवारीत ती बाकी द्यायला दुकानात आली, सोबत दुसरी एक बाई. पुस्तक वाचून झालं होतं, पण जावेनं नेलं आणि आता ती द्यायला तयार नाही, म्हणून आणखी एक प्रत पाहिजे होती, घरात ठेवायला. सोबतची बाई म्हणजे ती जाऊच. माझ्याकडची प्रत संपली होती. दोघींना बाकावर बसवलं आणि नागपूरला फोन लावला.